काळा दोरा

प्रयोगशाळेत रबराची एक बाहुली होती.
आम्ही तिला शेवंताबाई म्हणायचो.
तिची शीर रोज त्याच जागी सापडायची, निळी, आज्ञाधारक.
सुई चुकली तर ती कळवळायची नाही,
आणि तिचा मुलगा दारात उभा राहून
'नवीन आहात का सिस्टर?' असं विचारायचा नाही.

चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत.
तुस्कानो टीचर पट्टी लावून मोजायच्या.
एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत,
पाच मार्कांचा प्रश्न. मला पाचपैकी पाच.

परळच्या या वॉर्डात चाळीस खाटा,
खाटांच्या मधे जमिनीवर अकरा गाद्या,
आणि रात्रीला आम्ही दोघी.
गादीला कोपरा कसा दुमडायचा?
मी गुडघे टेकते.

पहिल्याच महिन्यात, पहाटे पाचला,
ऑपरेशनची तयारी. यादी तोंडपाठ:
पोट रिकामं, संमतीपत्रावर सही, दागिने काढावेत.
काढावेत. कोणी, कसे, ते वाक्यात नाही.
सात नंबरच्या चांगुणा वैती, शिवडी कोळीवाडा,
मंगळसूत्र मुठीत धरून बसलेल्या.
'मालक बोटीवर हायत,' एवढंच म्हणाल्या.
मी नियम सांगितला, मशीनचा करंट सांगितला,
भाजेल म्हणाले.
मी बोलत गेले तशी मूठ आवळत गेली.

द्रौपदामावशींनी झाडू भिंतीला टेकवला.
हात धुतले. खिशातून रीळ काढलं,
आधी गळ्यात काळा दोरा बांधला,
दोनदा गाठ मारली,
मग मंगळसूत्र काढलं.
'गळा मोकळा ऱ्हायला का? नाय ना?'
मूठ उघडली.
मी यादीवर बरोबरची खूण केली,
पेन थोडं थरथरलं.

खोटं कशाला बोलू,
त्याच आठवड्यात जमिनीवरच्या एका आजोबांचा श्वास थांबला
आणि माझे हात माझ्याआधी पोहोचले.
कानात टीचरचा आवाज: 'खोल दाब!
शेवंताबाई मरत नाही म्हणून लाड नकोत.'
मी मोजत राहिले. आजोबा खोकले.

काल टीचर नव्या मुलींना घेऊन आल्या.
एकेकीचा खिसा तपासला: पेन, कात्री, टॉर्च.
जुन्या सवयीने माझाही.
रीळ निघालं.
मुली हसू दाबत होत्या.
टीचरनी दोरा बोटांना गुंडाळला,
झटका देऊन ओढला, तटकन तुटला.
'याहून जाड आणत जा,' म्हणाल्या,
आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.