सहावं पातं

एन्सिओनं दिवा आणला वर्तमानपत्रात गुंडाळून,
बारा पात्यांचा, कांद्यासारखा फुगीर.
एक मोडलंय, म्हणाला. आमचा भाऊ असले दिवे करायचा.
करायचा. बाकीचं त्या क्रियापदानं सांगितलं.

लाहतीत जानेवारीचा दिवस तीनलाच आवरतं घेतो.
उरल्यासुरल्या उजेडात पातं खिडकीशी धरलं,
तर उजेड आरपार आला, कोऱ्या चहाच्या रंगाचा.
म्हणजे बर्च.
आणि म्हणजे फार, फारच पातळ.
मापकाचे जबडे मिटत मिटत आले,
अर्ध्या मिलिमीटरच्याही आत थांबले.
पोस्टकार्डाहून जेमतेम जाड, आणि त्यात तीन थर:
भिंगाखाली फिकट, गडद, फिकट,
मध्ये दोन काळ्या रेघा, केसाहून बारीक. तो गोंद.

नखाएवढा तुकडा कॉफीच्या भांड्यात उकळला तासभर.
कच्चा गोंद असता तर थर सुटे झाले असते
वाटणीनंतरच्या भावांसारखे.
नाही सुटले.
कॉफीला मात्र आठवडाभर कारखान्याचा वास.

मग फोन.
इमारती लाकडाचा दुकानदार म्हणाला, वाकणारा प्लाय? आहे की!
आणि दाखवला तो पाच मिलिमीटरचा,
कपाटांच्या गोल कोपऱ्यांसाठीचा, गादीसारखा मऊ, फुसका.
नाव तेच, जात वेगळी.
कारखान्यातली बाई गोड बोलली:
शून्य पूर्णांक चार? बनवतो. किती पॅलेट हवेत?
मी म्हटलं, एक पातं.
पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.
टाम्परेत खेळण्यातल्या विमानांचं दुकान आहे,
तिथं मिळाला, अगदी हाच, साठ सेंटिमीटर लांब.
पातं सत्तरचं.
दहा सेंटिमीटरसाठी माणूस किती चिडू शकतो,
हे मी त्या संध्याकाळी मोजलं नाही.

शेवटी नुम्मेला. ग्लायडरची शेड, बाहेर उणे एकोणीस.
केर्तुली, वय एक्क्याऐंशी, पंखांना ठिगळं लावते.
जिन्याखालून तिनं गुंडाळी काढली,
सुतळीनं बांधलेली, चटईसारखी.
लाकूड गुंडाळतात, हे ऐकून ठाऊक होतं;
बघणं वेगळं.
विकत नाही, म्हणाली. कशाला हवंय ते आधी सांग.
मी मोडकं पातं पुढे केलं.
तिनं ते उजेडात धरलंच नाही,
नुसता अंगठा फिरवला, आधी उभा, मग आडवा.
हे उलटं कापलंय, म्हणाली.
वरच्या थराची रेषा आडवी हवी, मग लांबीत ते आपोआप वाकतं.
इथं उभी आहे. जबरदस्तीनं वाकवलंय बिचारं.

रात्री परत येऊन दिव्याची बाकी अकरा पाती तपासली.
अकराही आडवी, निवांत.
फक्त हे सहावं उभं.
आतल्या कडेला पेन्सिलीनं इवलंसं लिहिलेलं:
"पत्रा संपला."

म्हणजे त्यालाही मिळाला नव्हता.
त्यानंही फोन केले असतील, दुकानं पालथी घातली असतील,
आणि मग उरलेल्या चिंधीतून, बसेल तसं कापून,
वाफ देऊन, दात-ओठ खाऊन वाकवलं असेल.
चौतीस वर्षं टिकलं ते, रोज थोडं थोडं सरळ व्हायला बघत.

एन्सिओला विचारलं, नवं कसं लावू?
जसं होतं तसं, की जसं हवं तसं?
तो बराच वेळ बूट बघत राहिला.
बर्फ वितळून त्यांच्याभोवती डबकं झालं.
बरोबर लावा, म्हणाला.
चुकीचं बसलेलं त्याला झोपू द्यायचं नाही.
मग दारातून वळून: ती चिठ्ठी मात्र मला द्या.

केर्तुलीनं पट्टी जरा जास्तच दिली होती.
उरलेली गुंडाळून, दोरा बांधून फळीवर ठेवली.
मध्यरात्री दोरा सुटला असावा.
अंधारात बर्च उलगडत गेला,
कुणी पान उलटावं
एवढासाच आवाज.