शेवटचं घर

राजपथावर माझा पहिला थांबा
भांड्यांच्या दुकानाशी.
पातेलं नको, कळशी नको,
तरी काचेतून बघत राहतो
पोटरी सुटेपर्यंत.
दुसरा थांबा बांगड्यांचा. तिथं तर शोभतच नाही.
परवा दुकानदारानं विचारलं, काका, नवी सून आलीय का?
म्हटलं, नाही, पाय आलाय भरून.

दीडशे पावलं. मोजलीत मी.
दीडशे झाली की पोटरीला कुणीतरी पिळा घालतं
ओल्या धोतरासारखा.
उभं राहिलं की सोडतं.
दोन वर्षं मी म्हणत होतो, वय झालं.
कमळ म्हणत होती, विडी झाली.

बत्तीस वर्षं या साताऱ्याला पाणी सोडलं.
मंगळवार पेठ पहाटे साडेचारला, चिमणपुरा सहाला,
खांद्यावर लोखंडी चावी, कानामागं विडी.
किती आटे दिले की कुठल्या आळीला किती,
हे नकाशात नव्हतं,
मनगटात होतं.

बागवान डॉक्टरीणबाईंनी आडवं झोपवलं.
दंडाला पट्टा, मग घोट्याला पट्टा.
घोट्याचं कुणी प्रेशर बघतं का! मला हसूच आलं.
थंडगार जेली, पेनाएवढी नळी पावलावर टेकवली
आणि डब्यातून आवाज आला.
हसायचा थांबलो.
ओळखीचा होता तो.
गळती शोधताना आम्हीही पाइपावर सळई टेकवून
दुसरं टोक कानाला लावायचो,
रात्री, गाव निजल्यावर.
भरलेली लाइन धडधडते.
चोंदलेली नुसती सूं करते, लांबून.
माझा डावा पाय
सूं करत होता.

"दंडाला एकशे चाळीस, घोट्याला सत्तर.
निम्मंच पोचतंय, गजाबा."
म्हटलं, बाई, हे तेवढं मला नका समजावू.

एक गोळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, एक चरबीची,
साखरेची आधीपासून होतीच.
फुगा घालून नळी रुंद करता येते, पण ते पुढचं पुढं.
आधी विडी. आज. उद्या नाही.
आणि चालायचं.
दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा.
चाललं की बाजूच्या बारक्या वाटा मोठ्या होतात म्हणे,
जशी आमच्या लाइनीला लोकांनी
रातोरात चोरून जोडलेली अर्ध्या इंची कनेक्शनं.
जन्मभर ती तोडत आलो.
आता रोज संध्याकाळी तीच मागतो.

पोपट खंडझोडे, माझा जोडीदार.
चपलेनं अंगठा घासला,
महिनाभर हळद लावत बसला.
त्याचा पाय आता गुडघ्यापाशी संपतो.
म्हणून कमळ रोज रात्री बॅटरी घेऊन
माझी बोटं बघते, फटीफटीतून,
तांदूळ निवडावेत तशी.
चाळीस वर्षांत एवढं बारीक
तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

व्यंकटपुऱ्यात बोळाच्या टोकाला
हलीमा तांबोळी राहायची.
घागर घेऊन उभी. भाऊ, पाणी आलं नाही.
मी म्हणायचो, सोडलंय की. येईल.
वर जाऊन आटे बघायचो, पुरे असायचे,
विडी पेटवायचो.

सोडलंय आणि पोचलंय
यांच्यामध्ये केवढा बोळ असतो
ते मला अंगठ्यानं सांगितलं,
गार पडल्यावर.

आज एकशे नव्वद झाली.
बांगड्यांचं दुकान न थांबता मागं पडलं.
पुढच्या चौकात नवा पोरगा खड्ड्यात वाकलेला,
कानामागं सिगारेट.
काढून घेतली. हात आपोआप
माझ्याच खिशाकडं गेला. अजून जातो.
मग गटारात टाकली.
तो चावी धरून बघत राहिला.
म्हटलं, आटे झाले की एकदा बोळाच्या टोकाला
जाऊन येत जा.
तिथं कुणीतरी उभं असतं.