पोर्तुगाल म्हणजे

रॉटरडॅमच्या गोदीलगत शीतगोदाम नंबर नऊ.
आत चार अंश, बाहेर उणे दोन,
म्हणजे आतच जरा ऊब.
पट्ट्यावरून फळं येतात, एकेक, न बोलता,
सहा माणसं ती निवडतात,
तीही न बोलता,
कारण बोलायचं कोणत्या भाषेत ते ठरलेलं नाही.

मुकादम वीबे. उत्तरेकडचा, लांब हाडांचा, मनाने वाईट नाही.
नावं त्याच्या जिभेवर टिकत नाहीत,
म्हणून तो देशांनी हाका मारतो.
ए मोरोक्को, दोन पेट्या.
ए जॉर्जिया, जरा हळू.
माणसं ओ देतात.
पगाराच्या चिठ्ठीवर नाव बरोबर असलं की झालं.

तर मंगळवारी, रात्री तीनच्या सुमारास
एक पेटी फुटली
आणि वीबे ओरडला, पोर्तुगाल!
आन्सेल्मो धावला, कारण पोर्तुगाल तो.
हेमिनही धावला,
सुलेमानियाचा, कामावर चौथाच दिवस.
फरशीवरून एक संत्रं उचललं,
बाहीला पुसलं
आणि अदबीने वीबेच्या हातावर ठेवलं.

त्याच्या भाषेत संत्र्याला पुर्तेकाल म्हणतात.
साहेबांनी मागितलं, त्याने दिलं.
यात हसण्यासारखं काय?

हसले सगळे, नुगझार सोडून.
तो म्हणाला, बरोबर आहे पोराचं.
आमच्याकडेही हेच. फोर्तोखाली.
पट्टा थांबलेलाच होता. थर्मास उघडले.
मोडक्यातोडक्या डचमध्ये
सगळे त्या एका फळाविषयी बोलायला लागले.

इत्तो म्हणाली, लिमून.
मग लिंबाला काय गं?
हामेद. म्हणजे आंबट. तेवढं पुरतं.
काल्मान म्हणाला, नारांच,
आणि छातीवर हात ठेवला, उगाच.
सगळे आन्सेल्मोकडे वळले: तुझ्याच देशाचं नाव ना हे?
त्याने खांदे उडवले. लारांझा.
आमच्याकडे पोर्तुगाल म्हणजे थकलेलं भाडं आणि आईचे फोन.

वीबे म्हणाला, सिनासआपल.
चीनचं सफरचंद.
बावीस वर्षं पेट्यांवर छापत आलेला शब्द
त्याला आत्ता कुठे ऐकू आला.
त्याने श्यू पेइलानकडे बघितलं.
छंग, ती म्हणाली.
आणि चीन?
छे, चीनमध्ये त्याला चीन कोण म्हणेल?

आपल्याकडे नाही का,
गाव सोडलं की माणसाला गाव चिकटतं,
मागे एक 'कर' लागतो जन्मभर.
गावातच राहिला त्याला
दगडू, नाहीतर दगडूचा धाकटा.

माझं नारिंग
काल्मानच्या तोंडात जवळजवळ शाबूत निघालं.
आन्सेल्मोपर्यंत जाताना 'ना'चा 'ला' झाला,
फ्रान्सच्या वाटेवर तर पहिलं अक्षरच सांडलं,
पेटीतून एखादं फळ घरंगळावं तसं.
परत जाऊन कुणी शोधलं नाही.
आणि त्या सिनासआपलच्या शेपटाला
मला 'आपलं' ऐकू येतं.
व्याकरणात बसत नाही, माहीत आहे.
कानाला सांगून बघितलं, ऐकत नाही.

चहा संपला. पट्टा सुरू.
फुटकी संत्री वेगळ्या टोपलीत,
त्यांचा रस निघतो, भाव कमी.
इत्तोने दोन खिशात घातली, ते वीबेने पाहिलं नाही,
म्हणजे पाहिलं.

सहाला पाच कमी असताना त्याला पुन्हा माणूस हवा होता.
'आन्...' म्हणाला,
'आन्से...',
मग जीभ जुन्या वाटेला लागली.
पोर्तुगाल!

सहाच्या सहा माना वर झाल्या.
हेमिनच्या हातात संत्रं तयार होतं.