अकरा सेकंद

तांबट लेनमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
जुन्या गाद्या भिंतींना ठोकून केलेली आमची खोली.
खाली हातोड्या चालतात दुपारी एकपर्यंत,
म्हणून पाहुण्यांना आम्ही कारागिरांच्या जेवणाच्या सुट्टीत बोलावतो.
मिसळ खाऊन येऊ नका, असं आधीच सांगून ठेवतो.
माइकला ढेकर फार स्वच्छ ऐकू येतो.

प्रश्न श्रीरंग विचारतो. आवाज त्याचा, नाव त्याचं.
मी मागाहून कापतो.
पूर्वी लग्नाच्या कॅसेटी कापायचो,
रडणारी मावशी ठेव, पंगत अर्धी कर.
आता बोलणारी माणसं कापतो.

कादंबरीकार येतात. त्यांचे 'अं' काढले
की तासाची चाळीस मिनिटं उरतात.
मागं एकदा काहांडोळे आले,
गंगेतून बुडालेल्यांना वर काढणारे.
एकशे बारा, म्हणाले. जिवंत नऊ.
श्रीरंगनं विचारलं, भीती वाटते?
"पाण्याची नाही.
काठावर चपला धरून उभ्या असलेल्यांची."
ते वाक्य आम्ही सुरुवातीला लावलं, मागं बासरी.
बासरीची मला अजून लाज वाटते.

मग आल्या कुमुदिनी गांगुर्डे.
वय एकाहत्तर, पिशवीत स्वतःच्या पुस्तकाच्या चार प्रती,
पाचवी श्रीरंगला, सही करून.
नाशिकरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
नोटांमधल्या चुका शोधायचं काम.
"शाई पसरलेली, आकडा घसरलेला...
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
पगार हातात आला तरी
आधी चूक बघायचे, मग मोजायचे."
श्रीरंग हसला. मीही, काचेमागं.

"बिघडलेल्या नोटांचं काय व्हायचं?"
"त्यांचा हिशेब चांगल्या नोटांहून कडक.
एक जरी कमी भरली तरी फाटक उघडायचं नाही.
एकदा रात्री दहापर्यंत बसून होतो सगळ्या जणी
एका फुकट गेलेल्या दहाच्या नोटेपायी.
घरी पोरगा तापानं"

इथं त्या थांबल्या.

अकरा सेकंद.
पडद्यावर सरळ रेघ,
मध्ये एक बारीक खडा: बांगडी मागं सारली.
नवव्या सेकंदाला खाली कुणीतरी
जेवण लवकर उरकून
हंड्यावर पहिला घाव घातला.
मग त्या म्हणाल्या, "पुढचं विचारा."

आणि श्रीरंगनं पुढचं विचारलं.

रात्री त्याचा फोन. ते मधलं काढ रे,
लोक गाडी चालवताना ऐकतात,
वाटेल, मोबाइल बंद पडला.
खरंय त्याचं. द्वारका चौकात
अकरा सेकंद हॉर्न न वाजवता थांबणारा माणूस
नाशकात अजून जन्मायचाय.
मी हो म्हटलं, आणि काढलं नाही.
त्यात शौर्य काही नाही,
सगळं ऐकून बघायला त्याला वेळ नसतो.

पण जिन्यात त्यांनी मला विचारलं होतं,
"तुम्ही कापता ते ठेवता कुठं?"
कुठंच नाही, म्हटलं. पुसलं जातं.
दोन पायऱ्या उतरल्या, कठडा धरला.
"मोजतसुद्धा नाही?"

आता पहाटेचे साडेतीन.
वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडतोय,
खोकले, सुस्कारे, "हे छापू नका हं" असं म्हणून सांगितलेलं,
एका कवीचं शेजारणीबद्दलचं सगळंच.
आणि काहांडोळे.
जिवंत नऊ म्हणाल्यावर
नऊही नावं घेतली होती त्यांनी, आडनावं, गावं,
कोण कुठल्या घाटावर, कुणाच्या हातात काय घट्ट धरलेलं.
लांबण लागते म्हणून मीच उडवली.

पाच आठवली.
चार कमी भरतात.

खाली लेनमध्ये शटर वर जायला अजून वेळ आहे.
मी बसून आहे.