सातव्या पिशवीतली

ऑगस्टची थंडी. लाल बंब बाहेर काढून उभा केलाय,
त्याच्या जागी तीन टेबलं, उसन्या पांढऱ्या चादरी,
कागदी पिशव्यांत तोंडापर्यंत बुडालेल्या बाटल्या,
पिशव्यांवर खडूने आकडे.
थुंकायला एक बादली.
तिच्यावर अजून रंगवलेलं आहे: वाळू.

गुण लिहायचं काम माझ्याकडे.
माझ्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे मी पीत नाही,
त्यामुळे विश्वासू.
कुठल्या पिशवीत काय, ती यादी माझ्या खिशात.

पहिली क्लेअरची रीसलिंग.
थिओ मनोलास, दातांचा निवृत्त डॉक्टर,
डोळे मिटून म्हणतो, लिंबाची साल, ओली पाटी,
आणि रॉकेल. पण चांगल्या अर्थानं.
मी लिहितो: रॉकेल (चांगल्या अर्थानं).

दुसरी हंटरची सेमियाँ.
कोवळेपणी नुसतं पाणी, कुणी ढुंकून बघत नाही,
दहा वर्षं अंधारात पडली
की भाजल्या पावावरचा मध.
मर्व नोस्के म्हणतो, अगदी आमच्या बायकोसारखी.
मागून बायको म्हणते, आणि तू त्याच काळात व्हिनेगर झालास.

काबर्नेवर भांडण. पुदिना, म्हणते टॅम्सिन.
निलगिरी, म्हणतो मर्व, मळ्याच्या कडेला झाडं असतात, पोरी,
वारा काय पानं विचारून टाकतो?
पिनो इतकी विरळ की माझ्या वहीवर सांडली
तरी आकडे वाचता आले.
शिराझनं सगळ्यांचे दात शाईच्या दौतीत बुडवले.
खोगीर! थिओ ओरडला, घामेजलेलं खोगीर!
थिओ जन्मात घोड्यावर बसलेला नाही.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
नाकाला तर लाजही नसते.

मग सातवी.

आधी कुणी काही बोललं नाही.
मग टॅम्सिननं नाक मुरडलं.
विझलेली शेगडी. इस्पितळाची फरशी.
धूर लागलाय हिला, दोष आहे.
ती दोन वर्षांपूर्वी इथे आली. तिचं बरोबर होतं.
बादली फिरली. वीसपैकी सात, सहा,
मर्वचे चार.

व्हर्ना शिर्मर शेवटच्या खुर्चीत.
ग्लास फिरवला नाही, उजेडात धरला नाही.
एक घोट.
बादली पुढे आली, तिनं हातानंच परत पाठवली.

त्या जानेवारीत द्राक्षं नुकती रंगात येत होती.
आग तिच्या कुंपणापाशी थांबली,
बंबातलं पाणीही तिथेच संपलं.
बंब मर्व चालवत होता.
अठरा दिवस दरीत दुपार झाली नाही.
मार्चमध्ये सगळ्यांनी घड कापून मातीत पाडले,
कोण घेणार होतं?
व्हर्नानं दीड ओळ ठेवली. एक पिंप.
का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही,
ज्याला त्याला आपापली छपरं होती.

किती लिहू, मी विचारलं.
अकरा लिही, ती म्हणाली.
रेंगाळते फार.

आठवी रदरग्लेनची मस्कत, बेदाण्यासारखी गोड,
त्यामुळे पुन्हा सगळे एकदम बोलू लागले.
शेवटी पिशव्या काढल्या.
सातवीवर लेबल नव्हतं.
कुणाची ही, टॅम्सिननं विचारलं.
मर्व बाटलीकडे बघत होता, मग बादलीकडे.
मी खिशातली यादी काढली,
चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं
आणि म्हणालो, नाव दिसत नाही इथे.