चार बोटं खोल

किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हेल्वेबाईंनी मला
एक वेलही दिली.
खरेदीखतात घर होतं, विहीर होती,
सफरचंदाची दोन झाडं, गळकं सौना.
क्लेमॅटिसचं मात्र त्यांनी तोंडीच सांगितलं,
गाडीत बसता बसता, एक पाय अजून अंगणात:

"डोकं उन्हात, पाय सावलीत.
मुळाशी चपटा दगड आहे, तो हलवायचा नाही.
मार्चमध्ये गुडघ्यापर्यंत छाट. दया करू नकोस.
आणि बांधू नकोस तिला.
पानाच्या देठानं धरते ती,
फक्त दाखवायचं, कुठे जायचं ते."
मग पुतण्यानं दार लावलं.

दाखवायचं काम मला येतं.
सारेमा बेटाच्या फेरीबोटीवर मी
दिवसभर हातवारे करून गाड्या लावून घेतो.

मार्चमध्ये छाटली. सुतळीसारख्या वाळक्या काड्या,
पण प्रत्येक पेरावर दोन डोळे, फुगलेले.
दक्षिणेच्या चुनखडी भिंतीवर
हेरिंगचं जुनं जाळं ताणून दिलं
आणि मे महिन्यात ती अशी निघाली
की संध्याकाळी परतलो की सकाळची खूण
वीतभर खाली राहिलेली असे.

जूनमध्ये एका सकाळी
सगळी काळी.
रात्रीतून कुणी उकळतं पाणी ओतावं तशी.
कळ्या माना टाकून,
जाळ्यात मेलेल्या माशांसारख्या.

रविवारी कुरेसारेच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
बाईंनी "कसा आहेस" नाही विचारलं,
विचारलं, "कशी आहे?"
"फुललीय," मी म्हणालो. "जांभळीगर्द."

पलीकडे कपात चमचा फिरत राहिला.
थांबला.
"बेचाळीस वर्षांत ती
योहानच्या शेकोटीआधी कधी फुललेली नाही."
आणि मग, हळूच, "काळी पडली ना?"

मी गप्प.

"लावताना मी तिला चार बोटं जास्त खोल लावली.
शेजारीण हसली. म्हणाली, लावतेयस की पुरतेयस?
अशाच एखाद्या सकाळसाठी, पोरा.
जमिनीलगत काप. कात्री उकळून घे.
काळं ते जाळ, खतात नको.
आणि पाणी घालत राहा."
"कशाला?"
"कुणाला, म्हण."

शेकोटीच्या रात्री गावानं
एक कुजकी होडी पेटवली.
मी तिच्यात काळ्या काड्यांचा भारा टाकला.
जळताना कसलाही वास आला नाही.

जुलैभर मी दगडाला पाणी घातलं.
रिकामं जाळं वाऱ्यानं भिंतीवर आपटायचं.
पोस्टमन एन्देल सायकल थांबवून बघायचा,
काही बोलायचा नाही. तो भला माणूस आहे.
दोनदा वाटलं, उकरून पाहावं.
एकदा उकरायला बसलोही,
नखात माती गेली, आणि उठलो.

ऑगस्टच्या अकराला, दगडाच्या कडेला
काडेपेटीतल्या काडीएवढं काहीतरी,
तांबूस, ओलसर.
मी शेजारी एक पेन्सिल रोवली.

"यंदा फूल नाही," फोनवर सांगितलं.
या खेपेला खरं.
"माहीत आहे. केवढी झाली?"
"पेन्सिल संपली."
"वळलीय कुठे?"
मी खिडकीतून पाहिलं. "दाराकडे."
"तिकडे नको. येता-जाता पाय लागतील.
जा, दाखव तिला."

फोन तसाच टेबलावर ठेवून बाहेर गेलो,
गुडघ्यांवर बसलो,
आणि धुक्यातून आलेल्या गाडीला करतो तशी
दोन बोटं हलवली:
डावीकडे. अजून थोडं.
अजून.
बस.