आडवी गुल्ली

रुईकर कॉलनीत, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर
मगदूम मॅडमना लाकडी डेक हवा होता,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अनवाणी चालायला.
"एकही खिळा दिसता कामा नये," त्या म्हणाल्या,
आणि मला वडलांचे हात आठवले.

वडील पितळी स्क्रू पिळायचे,
प्रत्येकाच्या डोक्यावरची खाच
एकाच दिशेला आणून थांबायचे.
दाराला बारा स्क्रू,
बाराही जोतिबाच्या डोंगराकडं तोंड करून.
गिऱ्हाईक बघत नाही रे, म्हणायचे,
पण स्क्रूला लाज असते.

आता स्क्रूचं डोकं फळीच्या पोटात.

ऐनाच्या सत्तावीस फळ्या, टिंबर मार्केटात
उन्हाला धरून, वाक बघून निवडलेल्या.
दोन्ही कडांना राउटरनं खाच पाडली.
भुसा असा तिखट की दुपारभर शिंका,
ड्रिलचं बिट तापून निळं.
क्लिपा बाहेरून मागवल्या तर एक पासष्टला पडते,
म्हणून उद्यमनगरात दस्तगीर मुल्लाणीकडं गेलो.
त्यानं नमुना दाताखाली धरून बघितला.
"स्टेनलेस हाय. होतंय की."
सव्वीस फटी, बारा वासे:
प्रेसवर तीनशे बारा पाडून दिल्या,
चपलांच्या खोक्यात, मोजून.

काम तसं एका हाताचं नाही.
फळी वाशांवर टेकवायची,
खाचेत क्लिप सरकवायची, स्क्रू अर्धाच आवळायचा,
पुढची फळी आणून तिच्या जिभेवर ढकलायची,
कडेला लाकडाचा तुकडा धरून ठोकायची,
मग आवळायचं.
मधे जुन्या जाड पाच रुपयांच्या
दोन नाण्यांएवढी फट,
कारण श्रावणात ऐन फुगतो
आणि फुगलेल्याला जागा लागते.

अठराव्या फटीत, सातव्या वाशावर
एक क्लिप बोटातून निसटली.
पन्हाळीतून खाली गेली, पेरूच्या झाडात.
अर्धा तास शोधली. पेरू सापडले.
सोमवार होता, उद्यमनगर बंद,
आणि मंगळवारी मॅडमचे पाहुणे.
म्हटलं, मागनं घालू.
मागनं घालता येत नाही.
पुढची फळी बसली की मागचं दार बंद,
या कामाची खुबीच ती.

शेवटच्या फळीला मात्र लपता येत नाही.
तिच्या पुढं कोणी नाही धरायला.
तिला वरूनच स्क्रू मारावे लागतात,
भोकं पाडून, आत बुडवून,
वर त्याच लाकडाची गुल्ली, सरस लावून,
रेषेला रेषा जुळवून.
नंतर पटाशीनं सपाट, मग पॉलिशपेपर,
मग हात फिरवून बघायचं,
बोटाला कळलं तर पुन्हा.

बारा गुल्ल्या.
अकरा अशा बसल्या की मलाच सापडेनात.
सातव्या वाशावरची मी आडवी बसवली.
का, ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

सकाळी मॅडम चालल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"खिळा कुठं आहे हो?" हसल्या,
आणि आत पैसे आणायला गेल्या.
नात तेवढ्यात उकिडवी बसली,
फळीवर बोट ठेवून.
"काका, ही एकटीच उलटी का झोपलीय?"

म्हटलं, इथून सरळ चाल, मोजत.
नवव्या फळीवर थांब.
ती थांबली. टाच दाबली.
लाकूड काहीतरी बोललं,
तिलाच ऐकू जाईल एवढं.
तिनं माझ्याकडं बघितलं,
आणि सांगितलं नाही कुणाला.

नऊ फळ्या उचलाव्या लागणार होत्या.
मॅडम पाकीट घेऊन आल्या,
त्यांना म्हटलं, संध्याकाळी द्या.
दस्तगीरला फोन लावला.
एक पाडून ठेव.
"एक डझन?"
एक.
"एकासाठी डाय चढवू व्हय?"
चढव, म्हटलं.